आगटीभोवतीचे इमान : अँग्लो-सॅक्सन गृहयोद्धे आणि त्यांच्याविषयीची लिखिते

१

इ. स. ९९१ च्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, मॉल्डन या ठिकाणी, एसेक्सचा एल्डरमन म्हणजे प्रांताधिपती बिर्टनॉथ व्हायकिंग आक्रमकांशी लढताना मारला गेला. या घटनेविषयीची तीन जुनी लिखिते परस्परांशेजारी ठेवली, तर अँग्लो-सॅक्सन योद्ध्याच्या स्वामिनिष्ठेविषयी रूढ झालेल्या समजुतींपुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. 'अँग्लो-सॅक्सन बखर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वार्षिक नोंदींत बिर्टनॉथच्या मृत्यूची आणि त्याच वर्षी आक्रमकांना दिलेल्या दहा हजार पौंड खंडणीची कोरडी नोंद आहे. रॅम्झी मठातील बिर्टफर्थ या संन्याशाने पुढील दहाएक वर्षांत लिहिलेल्या संत ऑस्वल्डच्या लॅटिन चरित्रात बिर्टनॉथ पडला व उरलेले पळाले, असे सांगितले आहे. तिसरे लिखित म्हणजे 'मॉल्डनची लढाई' ही प्राचीन इंग्रजी कविता. तिचे आरंभ व शेवट नष्ट झाले असून ३२५ ओळी शिल्लक आहेत. या कवितेत ओड्डाचा पुत्र गॉड्रिक आणि त्याच्यासह काही जण पळतात खरे. पण मागे राहिलेले योद्धे एकेक करून बोलतात, मृत स्वामीच्या शेजारी मरण पत्करण्याचा निर्धार उच्चारतात आणि पडतात.

चरित्रकाराच्या लेखी पलायन हेच युद्धाचे फलित आहे, तर कवीच्या लेखी पलायन ही केवळ पार्श्वभूमी असून तिच्यावर निष्ठा उठून दिसते. कोणाचे खरे मानावे, हा प्रश्न इतिहासकाराचा आहे. निष्ठेचे असे चित्र कोणाला, कोणत्या काळी व कशासाठी आवश्यक वाटले, हा प्रश्न मात्र साहित्यसमीक्षेचाही आहे; आणि त्याचे उत्तर शोधल्याशिवाय पहिल्या प्रश्नाचेही उत्तर मिळत नाही.

२

कवितेत बिर्टनॉथच्या निकटच्या योद्ध्यांसाठी 'हेओर्थवेरोद' हा सामासिक शब्द आला आहे. 'हेओर्थ' म्हणजे आगटी. 'वेरोद' म्हणजे तुकडी. स्वामीच्या दालनाच्या मध्यभागी पेटलेल्या आगटीभोवती बसणारे, तेथेच खाणारे-पिणारे ते हे योद्धे. 'लॉर्ड' या आजच्या इंग्रजी शब्दाचे मूळ रूप 'ह्लाफोर्ड' असे असून त्याचा व्युत्पत्त्यर्थ 'भाकरीचा रक्षक' असा होतो. केंटचा राजा एथेलबर्ट याच्या सातव्या शतकाच्या आरंभीच्या कायद्यांत आश्रितासाठी 'भाकरी खाणारा' याच अर्थाचा शब्द आढळतो. 'अन्नदाता' आणि 'खाल्ल्या मिठाला जागणे' या शब्दप्रयोगांना सरावलेल्या मराठी वाचकाला या संबंधाचे स्वरूप वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. 'थेन' हा शब्दही मुळात सेवकवाचक होता. कालांतराने तो भूधारक सरदारवर्गाचा वाचक बनला. सेवकाचा सरदार होण्याची ही शब्दगत वाटचाल प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

या योद्धासंस्थेचे प्राचीनतम वर्णन म्हणून रोमन इतिहासकार टॅसिटस याच्या 'जर्मेनिया' (इ. स. ९८) या ग्रंथाकडे बोट दाखविले जाते. जर्मानिक टोळ्यांतील प्रमुखाभोवतीच्या अनुचरदलाला तो 'कॉमिटाटस' म्हणतो, आणि प्रमुख रणात पडल्यावर जिवंत परतणे ही जन्मभराची नामुष्की मानली जाते, असे नोंदवितो. टॅसिटस आणि मॉल्डन यांच्यामध्ये जवळजवळ नऊशे वर्षांचे अंतर आहे. तरीही एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी या दोन बिंदूंना जोडणारी सरळ रेषा ओढली, आणि त्या रेषेला 'जर्मानिक निष्ठा' असे नाव मिळाले.

या रेषेवर पहिला मोठा आघात फ्रांटिशेक ग्राउस या चेक इतिहासकाराने १९५९ मध्ये केला. तथाकथित जर्मानिक निष्ठा ही बव्हंशी आधुनिक इतिहासलेखनाची निर्मिती आहे, अशी त्याची भूमिका होती. १९७६ मध्ये रोझमेरी वुल्फ यांनी स्वामीसह मरण्याच्या आदर्शापुरताच प्रश्न विचारला, आणि टॅसिटसपासून मॉल्डनपर्यंत अखंड परंपरा मानण्यास आधार नसल्याचे दाखविले. रॉबर्टा फ्रँक यांनी १९९१ मध्ये याच आदर्शाकडे, पुरातनाचा अवशेष न मानता, दहाव्या-अकराव्या शतकांच्या संदर्भात नव्याने पुढे आलेली गोष्ट म्हणून पाहता येईल का, याचा विचार केला. निष्ठा हा 'वांशिक स्वभाव' मानण्याचा मोह किती महाग पडू शकतो, हे विसाव्या शतकाने पाहिले आहे. नाझी एस. एस. संघटनेने निष्ठा हाच आपला सन्मान असल्याचे घोषवाक्य पट्ट्याच्या बक्कलावर कोरले होते. त्यामुळे हा वाद केवळ पाठचिकित्सेचा उरत नाही.

३

बीड या संन्याशी इतिहासकाराच्या ७३१ मध्ये पूर्ण झालेल्या धर्मेतिहासात गृहयोद्धा दोन वेळा ठळकपणे दिसतो. ६२६ मध्ये वेसेक्सच्या क्विखेल्मने पाठविलेला मारेकरी नॉर्थम्ब्रियाचा राजा एडविन याच्यावर विषारी सुरा घेऊन धावतो. लिला नावाचा थेन, हाताशी ढाल नसल्याने, स्वतःचे शरीरच मध्ये घालतो आणि मरतो. दुसरा प्रसंग ६७९ मधील ट्रेंट नदीकाठच्या लढाईनंतरचा. इम्मा हा थेन शत्रूच्या हाती सापडतो आणि आपण सैन्याला शिधा पोचविणारे गरीब खेडूत आहोत, असे सांगतो. पण त्याची चेहरेपट्टी, वागणूक आणि बोलणे यांवरून तो कोण आहे हे उघड होते. पहिल्या कथेत योद्धा निष्ठेने ओळखला जातो, दुसऱ्या कथेत वर्गाने. निष्ठेचा आदर्श सर्वांसाठी नव्हता. तो एका वर्गाच्या आत्मप्रतिमेचा भाग होता, हे बीडच्या निवेदनातून सहज सूचित होते.

याच बीडने ७३४ मध्ये यॉर्कचा बिशप एग्बर्ट याला लिहिलेले पत्र अधिक बोलके आहे. धर्माच्या नावाखाली खोटे मठ स्थापून जमिनी बळकावल्या जात आहेत. परिणामी सरदारपुत्रांना आणि अनुभवी योद्ध्यांना देण्यास जमीन उरत नाही, आणि ते देश सोडून समुद्रापलीकडे जातात, अशी त्याची तक्रार आहे. स्वामी कडी-कंकणे वाटतो आणि योद्धा प्राण देतो, हे काव्यातील समीकरण येथे विरघळते. तरुण योद्धा आगटीजवळ बसतो तो काही वर्षांपुरता. त्याची नजर जमिनीवर असते. ती मिळाली की तो घर करतो, लग्न करतो. ती मिळाली नाही की निष्ठा दुसरा स्वामी शोधते.

ॲल्फ्रेड राजाच्या काळात (८७१–८९९) हा संबंध प्रशासकीय रूप घेताना दिसतो. त्याचा चरित्रकार ॲसर ८९३ मध्ये लिहितो की राजाने आपल्या योद्ध्यांच्या तीन पाळ्या केल्या होत्या. प्रत्येक पाळी एक महिना दरबारी राहून दोन महिने आपल्या घरी जाई. म्हणजे गृहयोद्ध्याला आता स्वतःचे घर होते. आपल्या मृत्युपत्रात ॲल्फ्रेडने अनुचरांत वाटण्यासाठी दोनशे पौंडांची तरतूद केली आहे. आगटीभोवतीचे कायमचे वास्तव्य संपून पाळीची चाकरी सुरू झाली होती. काव्यातील शब्द मात्र आगटीपाशीच थांबला.

४

ॲल्फ्रेडच्याच कारकिर्दीत, ८९० च्या दशकात, अँग्लो-सॅक्सन बखरीचे संकलन झाले. तिच्यातील ७५५ या वर्षाखाली घातलेली नोंद संपूर्ण बखरीत विलक्षण ठरली आहे. एरवी एकदोन वाक्यांत वर्ष संपविणारा लेखक येथे एक सलग कथा सांगतो. किनेवुल्फने वेसेक्सच्या सल्लागारांच्या साहाय्याने सिगेबर्ट राजाला पदच्युत केले. सिगेबर्टकडे उरला होता तो फक्त हॅम्पशायर. आणि सर्वांत दीर्घकाळ त्याच्यासोबत राहिलेल्या एल्डरमनलाच त्याने ठार केले. त्या एल्डरमनचा सूड एका डुकरे राखणाऱ्याने घेतला. सुमारे एकोणतीस वर्षांनी सिगेबर्टचा भाऊ किनेहर्ड याने, किनेवुल्फ थोड्या लोकांनिशी एका स्त्रीकडे गेला असता, त्याला गाठून मारले. राजाच्या थेनांना त्याने द्रव्य आणि जीवदान देऊ केले. ते नाकारून सर्व जण लढत मेले; वाचला तो फक्त एक ब्रिटन ओलीस, तोही गंभीर जखमी. दुसऱ्या दिवशी राजाचे उरलेले लोक आले. किनेहर्डने त्यांना द्रव्य व जमीन देऊ केली, आणि त्यांचे आप्त आपल्या बाजूला असल्याचे सांगितले. कोणताही आप्त स्वामीहून अधिक प्रिय नाही, असे उत्तर त्यांनी दिले, आणि किनेहर्डसह चौऱ्याऐंशी जणांना मारले.

ही कथा स्वामिनिष्ठेचे उदाहरण म्हणून वारंवार सांगितली जाते. बारकाईने वाचता मात्र तिची रचना अधिक गुंतागुंतीची असल्याचे ध्यानात येते. किनेहर्डचे लोकही त्याला सोडत नाहीत. आप्तांनी सुखरूप निघून जाण्याची दिलेली संधी ते नाकारतात. कारण तशीच संधी काल राजाच्या माणसांनी नाकारली होती. बंडखोराचे अनुचर आणि राजाचे अनुचर निष्ठेच्या कसोटीवर समान ठरतात. मूळ गद्यात कोण कोणाला उद्देशून बोलतो आहे हे सर्वनामांच्या गर्दीत हरवते, आणि हा संदिग्धपणा आशयाशी जुळणाराच आहे. दोन्ही बाजूंनी तीच वाक्ये, तोच नकार, तेच मरण. निष्ठा कोण न्याय्य आहे हे सांगत नाही. कथेच्या आरंभी निष्ठावान एल्डरमनला स्वामीकडूनच मृत्यू मिळतो, आणि त्याचे ऋण फेडणारा माणूस योद्धावर्गाबाहेरचा असतो.

ही कथा संकलनापूर्वीची असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण ती बखरीत घेतली गेली ती ॲल्फ्रेडच्या काळी, आणि ॲल्फ्रेडच्या कायदेसंहितेत तिच्याशी जुळणारे कलम आहे. अन्यायाने हल्ला झालेल्या आप्तासाठी माणसाने लढावे, पण स्वामीविरुद्ध नाही, असे ते कलम सांगते. संहितेच्या प्रस्तावनेत, बहुतेक गुन्ह्यांना पहिल्या वेळी भरपाई देऊन सुटका मिळावी, अपवाद फक्त स्वामिद्रोहाचा, असा नियम मांडला असून, ख्रिस्ताला मरणाच्या हवाली करणाऱ्याला क्षमा नव्हती, असे कारण दिले आहे. रक्ताचे नाते आणि स्वामीचे नाते यांत तंटा झाल्यास दुसरे श्रेष्ठ, हे तत्त्व बखरीत कथारूपाने आणि कायद्यात आज्ञारूपाने मांडले गेले. हे दोन वाङ्मयप्रकार एकाच राजकीय गरजेची दोन रूपे आहेत. आप्तसंबंध जर खरोखरच गौण ठरले असते, तर ते गौण आहेत असे वारंवार लिहावे लागले नसते.

५

काव्याकडे वळता आणखी एक विरोध जाणवतो. निष्ठेचे काव्य म्हणून ख्यातकीर्त असलेल्या 'बेओवुल्फ'मध्ये निर्णायक क्षणी निष्ठा अपयशी ठरते. ३१८२ ओळींचे हे काव्य इ. स. १००० च्या सुमारास लिहिलेल्या एकाच हस्तलिखितात टिकले आहे. ड्रॅगनशी अखेरचा लढा चालू असता वृद्ध राजाचे निवडक सोबती रानात पळतात; एकटा विग्लाफ थांबतो. विग्लाफ आठवण करून देतो ती मद्यपानगृहात दिलेल्या वचनांची आणि मिळालेल्या शस्त्रांची. पळपुट्यांना जी शिक्षा भोगावी लागेल असे तो सांगतो, ती मात्र भूमिहक्क गमावण्याची. यापूर्वी हिगेलाकने बेओवुल्फला तलवारीबरोबर सात हजार हाइड जमीनही दिलेली असते. म्हणजे पुराणकाळाच्या पडद्यावरही कवीच्या स्वतःच्या काळातील भूमिव्यवहार उमटतो.

एक्झिटर ग्रंथातील, आधुनिक संपादकांनी 'भटका' असे नाव दिलेल्या शोककाव्यात स्वामी गमावलेला योद्धा थंड समुद्रावर एकाकी आहे. स्वप्नात तो स्वामीला आलिंगन देतो, त्याच्या गुडघ्यावर हात व मस्तक ठेवतो. जाग येते तेव्हा समोर फक्त समुद्रपक्षी असतात. येथे निष्ठेला रणांगण नाही, शत्रू नाही. उरली आहे ती केवळ तिची उणीव. लक्षणीय गोष्ट अशी की स्वामीबरोबर मेला नाही म्हणून हा माणूस कुठेही लज्जित नाही. टॅसिटसचा नियम सार्वत्रिक असता, तर या कवितेचा नायक नामुष्कीचा धनी ठरला असता, आणि त्याच्या शोकाला कोणी कान दिला नसता.

'क्रूसाचे स्वप्न' या कवितेने हाच संबंध धर्माच्या केंद्रस्थानी नेला. तिचा पूर्ण पाठ व्हेर्चेल्लीच्या हस्तलिखितात असून तिच्याशी मिळत्याजुळत्या ओळी रुथवेल येथील दगडी क्रूसावर रून लिपीत कोरलेल्या आहेत. ख्रिस्त येथे मृत्यूला सामोरा जाणारा तरुण वीर आहे, आणि क्रूस त्याचा सेवक. शत्रूंना पाडण्याचे सामर्थ्य या सेवकात आहे. परंतु स्वामीची आज्ञा ताठ उभे राहण्याची आहे. स्वामीचे रक्षण करणे हे ज्याचे ब्रीद, त्यालाच स्वामीच्या मृत्यूचे साधन व्हावे लागते. योद्ध्याच्या निष्ठेतील सर्वांत कठीण पेच कोणत्याही वीरकाव्याहून येथे अधिक खोलवर मांडला गेला आहे. 'द्रिख्तेन' हा शब्द, ज्याचे मूळ योद्धादलाच्या प्रमुखाशी निगडित आहे, प्राचीन इंग्रजीत परमेश्वरवाचक बनला, ही गोष्टही याच प्रक्रियेची खूण होय.

लेखणी मुख्यतः धर्मसेवकांच्या हाती होती, हे येथे विसरता येत नाही. आणि तेही बहुधा योद्धाघराण्यांतूनच आलेले. गुथलाक या संताने तरुणपणी नऊ वर्षे स्वतःच्या टोळीचे नेतृत्व करून लूटमार केली, आणि मगच मठाची वाट धरली. त्याचा चरित्रकार फेलिक्स आवर्जून सांगतो की तो लुटीचा तिसरा हिस्सा मालकांना परत करी. चरित्रकाराला आपल्या नायकाच्या भूतकाळाची लाज वाटत होती, आणि अभिमानही.

६

मॉल्डनच्या काळातले थेन हे आगटीभोवतीचे अनुचर राहिले नव्हते; ते जमीनजुमला असलेले लोक होते. याचा पुरावा 'हेरिगेआतु' म्हणजे सैन्यसाहित्य या नावाच्या करात सापडतो. थेनच्या मृत्यूनंतर त्याची शस्त्रे व घोडे स्वामीकडे परत जात. क्नूट राजाच्या कायद्यांत यांचे प्रमाण ठरवून दिले आहे. अर्लसाठी आठ घोडे, चार शिरस्त्राणे, चार चिलखते, आठ भाले, आठ ढाली, चार तलवारी आणि दोनशे मॅन्कस सोने. राजाच्या निकटच्या थेनसाठी चार घोडे, दोन तलवारी, चार भाले, तितक्याच ढाली, शिरस्त्राण, चिलखत व पन्नास मॅन्कस. मराठी इतिहासातील बारगीर आणि शिलेदार हा भेद येथे उपयोगी पडतो. थेन प्रत्यक्षात शिलेदार झाला होता; पण मृत्यूच्या वेळी कायदा त्याला बारगीर समजे, जणू घोडा आणि तलवार धन्यानेच दिलेली होती. संस्था बदलली तरी विधी जुना राहतो, आणि जुन्या नात्याची स्मृती कराच्या रूपाने वसूल होते.

हे कायदे यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन याने रचले. याच वुल्फस्टनने १०१४ च्या सुमारास दिलेल्या प्रसिद्ध प्रवचनात स्वामिद्रोहाची दोन ठळक उदाहरणे दिली होती: ९७८ मधील एडवर्ड राजाचा खून आणि एथेलरेडची देशाबाहेर हकालपट्टी. क्नूटसाठी त्याने लिहिलेल्या कलमांनुसार, भ्याडपणाने स्वामीला सोडून पळणाऱ्याने प्राण आणि मालमत्ता गमवावी. जो मोहिमेत स्वामीसमोर पडेल त्याचे हेरिगेआतु माफ व्हावे आणि वारसांना जमीन मिळावी. 'मॉल्डनची लढाई' या कवितेचा काळ वादग्रस्त आहे. पण तिचे आशयसूत्र आणि ही कलमे एकाच वातावरणातील आहेत, यात संशय घेण्याचे कारण नाही. कवितेत वृद्ध बिर्टवोल्ड आहे, तसा डुन्नेरे हा साधा शेतकरी आहे आणि नॉर्थम्ब्रियाचा एक ओलीसही आहे. ७५५ च्या नोंदीतील ब्रिटन ओलिसाप्रमाणे तोही परक्यासाठी लढतो. आगटीभोवतीच्या तुकडीत कवीने प्रांत, वय आणि वर्ग यांच्या सीमा ओलांडणारी माणसे बसविली. जुन्या शब्दाला त्याने नवा, जवळजवळ राज्यव्यापी अर्थ दिला. खंडणीवर शांतता विकत घेतली जात असताना असे लिहिणे हे वर्णन नव्हे; तो युक्तिवाद होता.

अकराव्या शतकातील 'हाउसकार्ल' या शब्दाची कथाही यापेक्षा निराळी नाही. क्नूटबरोबर आलेला हा शब्दशः 'घरचा माणूस'. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वेन ऑगेसन या डॅनिश लेखकाने क्नूटच्या गृहसैन्याची शिस्तबद्ध नियमावली वर्णिली, आणि आधुनिक अभ्यासकांनी तिच्यावरून एक खडे सैन्यदल उभे केले. निकोलस हूपर यांनी १९८५ मध्ये समकालीन साधने तपासून या चित्राला आव्हान दिले. ती साधने वेगळेच सांगतात. १०४१ मध्ये करवसुलीला गेलेल्या दोन हाउसकार्लांना वूस्टरच्या लोकांनी मारले. १०६५ मध्ये नॉर्थम्ब्रियाच्या बंडखोरांनी यॉर्कमध्ये टॉस्टिगचे हाउसकार्ल कापून काढले. डोर्सेटमधील उर्क हा हाउसकार्ल जमीनदार होता, आणि ॲबट्सबरी येथे त्याने स्थापलेल्या मंडळाची नियमावली उपलब्ध आहे. १०८६ च्या डूम्सडे पाहणीत वॉलिंगफर्ड येथे हाउसकार्ल राहत असलेल्या पंधरा एकरांची नोंद आहे, आणि डोर्सेटच्या नगरांवरील हाउसकार्लांसाठीच्या चांदीच्या आकारणीचीही. या नोंदींत निष्ठेचा उच्चार नाही; आहे तो कर, जमीन आणि लोकांचा राग. गृहयोद्धा रयतेला कसा दिसत असे, हे सांगणारी साधने जवळजवळ एवढीच.

७

एली मठाच्या बाराव्या शतकातील ग्रंथात असे म्हटले आहे की बिर्टनॉथची विधवा एल्फ्लेड हिने पतीच्या पराक्रमांची चित्रे असलेला एक पडदा मठाला अर्पण केला. तो पडदा नष्ट झाला. कवितेचे हस्तलिखितही १७३१ मध्ये कॉटन ग्रंथसंग्रहाला लागलेल्या आगीत जळाले. आधी करून ठेवलेल्या नकलेवरून टॉमस हर्नने १७२६ मध्ये ती छापली होती, म्हणूनच ती उरली. मॉल्डनचे स्मरण एका विधवेने वस्त्रात, संन्याशाने लॅटिनमध्ये आणि कवीने मातृभाषेत केले. प्रत्यक्ष लढलेल्यांपैकी एकाचाही शब्द उपलब्ध नाही.

म्हणून या लिखितांतील निष्ठेला खोटी ठरविणे जितके अयोग्य, तितकेच तिला एखाद्या लोकसमूहाचा जन्मजात गुण मानणेही अयोग्य. लिला ढालीविना मध्ये उभा राहिला, यावर अविश्वास दाखविण्याचे कारण नाही. तशी माणसे होती. परंतु ती अपवादात्मक होती म्हणूनच नोंदली गेली. ज्या शतकांत स्वामी बदलत होते, जमीन मिळेल तिकडे योद्धे वळत होते, राजे मारले आणि हाकलले जात होते, त्याच शतकांत निष्ठेचे लेखन सर्वांत आग्रही झाले. या लिखितांना वास्तवाचा आरसा म्हणण्यापेक्षा वास्तवाशी चाललेला वाद म्हणणे अधिक युक्त होईल. त्या वादात निष्ठेचे मूल्य कोणी, कोणाकडून मागितले, हे प्रत्येक संहितेपाशी थांबून विचारावे लागते. ७५५ च्या नोंदीने एक गोष्ट फार पूर्वीच उघड केली होती: इमान राखून मरणारे दोन्ही बाजूंना असतात, आणि त्यांच्या मरणाने कोणत्याही स्वामीची बाजू न्याय्य ठरत नाही.